घाबरतं कोण आणि भरतं कोण

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात २८,५२२ खून झाले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे एका खुनामागे जवळपास सहा अपघाती मृत्यू. तरी रात्री अकराला मुलगी घरी पोचली नाही की आईच्या डोळ्यांपुढे ट्रक येत नाही, माणूस येतो. बरं, खून वाढलेत म्हणावं तर तसंही नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चाळीस हजारांच्या घरात खून पडत होते आणि लोकसंख्या आजच्यापेक्षा कितीतरी कमी होती. आता हे प्रमाण लाखामागे दोनच्या आसपास आलंय.

हे आकडे तोंडावर फेकून लोकांच्या भीतीला हसणारी एक जमात आहे. 'टीव्ही कमी बघा, सगळं ठीक होईल' हा तिचा सल्ला. दुसरी जमात पुढाऱ्यांची आणि वृत्तवाहिन्यांची. ती भीतीला गोंजारते, कारण तिचं पोटच त्यावर भरतं. मला दोघांशीही भांडायचं आहे. गुन्हा हे जसं नुकसान आहे तशी गुन्ह्याची भीती हेही एक नुकसान आहे, आणि ते वेगळं मोजायला हवं. शिवाय ते नुकसान आपल्या समाजाने अशा खुबीने वाटून दिलंय की घाबरणारे एक आणि भरणारे भलतेच.

आधी आकडेवारीवाल्यांचं बघू. अपघात कोणी मुद्दाम करत नाही. गुन्ह्यात समोरचा माणूस आपल्याला हेरतो, निवडतो, आपल्यावर हात टाकतो. त्यामुळे अपघातानंतर माणूस रस्त्याला घाबरतो आणि चोरीनंतर माणसांना. यात शक्यतेचा हिशेब फारसा कामाचा नाही. त्यात, गुन्हा झाल्यावर आपल्यासाठी कोणी धावून येईल का, याचंही उत्तर लोकांनी अनुभवातून काढलेलं असतं. बसमध्ये मोबाईल मारला गेलेला माणूस चौकीत जातो. तिथे त्याला बऱ्याचदा सांगितलं जातं की 'चोरीला गेला' असं लिहू नका, 'गहाळ झाला' असा अर्ज द्या, शिक्का मारून देतो, नवीन सिम मिळेल. नवीन सिम मिळतंही. चोरीचा आकडा वाढत नाही, त्यामुळे चौकीही खूश. तो माणूस मात्र घरी जाताना एक गोष्ट पक्की समजून जातो की आपल्यामागे कोणी नाही. पुढच्या वर्षी 'चोऱ्या घटल्या' अशी बातमी आली की तो ती वाचतो आणि पान उलटतो. त्याच्या भीतीला निराधार म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही.

आता तब्येतीचं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर 'व्हाइटहॉल' नावाचा एक अभ्यास कित्येक वर्षं चालला आहे. त्यातल्या माहितीवरून २००७ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. गुन्ह्याची भीती जास्त असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं इतरांच्या जवळपास दुपटीने दिसली. ही माणसं व्यायाम कमी करत होती, मित्रांना कमी भेटत होती, आणि चालणं-फिरणं, जिने चढणं अशा साध्या शारीरिक कामांतही मागे होती. मुळात ज्याचं मन खचलेलं आहे त्याला भीतीही जास्त वाटणार, ही शंका रास्त आहे आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खरं असणारच. मला त्या निबंधातला महत्त्वाचा भाग वाटतो तो मधल्या पायऱ्यांचा. भीती थेट काळजाला जाऊन भिडते असं नाही. आधी ती फिरणं बंद करते, मग भेटीगाठी, आणि तब्येत त्यानंतर जाते.

हे बघायला लंडनला जायची गरज नाही. पुण्यातल्या कुठल्याही उपनगरात सकाळी सहाला उभं राहा. फिरायला निघालेल्या बायकांनी ऐन उन्हाळ्यातही ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेली असते, नाहीतर पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला असतो. मंगळसूत्र घरी, देवघराच्या खणात. गळ्यात एक ग्रॅमचं. मागून मोटारसायकलचा आवाज आला की सगळ्या एकदम भिंतीकडे सरकतात, हात आपसूक गळ्याशी जातो. डॉक्टरांनी साखरेसाठी चाळीस मिनिटं भरभर चाला म्हणून सांगितलेलं असतं. मग कधीतरी गल्लीत खरोखरच कोणाची तरी साखळी जाते, ओढाओढीत मानेला वळ उठतो, ती बाई पडते. दुसऱ्या आठवड्यापासून निम्म्या बायका सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालू लागतात. गाड्यांमधून वाट काढत, खांबाला वळसा घालत, गोल गोल. त्या वळशांनी गुडघे दुखतात म्हणून दोन-तीन महिन्यांत तेही सुटतं. चोराने साखळी एकच नेली. पंचनामा तिचाच झाला, तिचं वजन आणि आजच्या भावाने किंमत कागदावर आली. बाकीच्या बायकांचं चालणं गेलं, पुलाजवळच्या अमृततुल्यातला चहा गेला, भाजीवाल्याशी होणारी हुज्जत गेली, हे कोणाच्याही कागदावर नाही.

झोपेचंही तेच. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या गावांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात अशी बोंब उठली. चोर वरून घरं हेरतात आणि मग दरोडा घालतात, अशी लोकांची समजूत. गावोगाव पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घालू लागली. विषय थेट विधिमंडळात गेला. ते ड्रोन कोणाचे, किती खरे, किती नुसते दिवे, हा वाद राहू द्या. दिवसभर रानात राबलेली माणसं रात्र रात्र गच्चीवर बसून काढत होती, ही गोष्ट खरी होती. त्या जागरणाचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा? गृहखात्यात की आरोग्यखात्यात?

भीती खोट्या कारणाने पसरते तशी खऱ्या कारणानेही पसरते, आणि कारण संपलं तरी मागे बरंच काही ठेवून जाते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून महाराष्ट्र ते ओळखतो. घराची बेल वाजवून आत शिरलेले तरुण, एका घरात तीन आणि एका घरात पाच जणांचे जीव. त्या महिन्यांत संध्याकाळ झाली की पेठा-उपनगरं सामसूम व्हायची, हे त्या पिढीतला कोणीही सांगेल. आरोपी पकडले गेले, खटला चालला, २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. भीतीचं कारण इतक्या ठामपणे संपल्याची उदाहरणं फार थोडी. पण दिवसभर सताड उघडं असणारं दार काही पुन्हा तसं उघडलं नाही. पुण्यातल्या माणसांच्या बंद दारांवर विनोद करणाऱ्यांनी कधीतरी हेही ध्यानात घ्यावं.

आता भरणाऱ्यांकडे वळतो.

पहिलं नाव मुलींचं. दिल्ली विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींवर गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञांनी एक अभ्यास केला. कोणी कुठलं महाविद्यालय निवडलं आणि तिथे जायचा रस्ता किती सुरक्षित मानला जातो, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. जास्त सुरक्षित वाटणाऱ्या रस्त्यासाठी मुली वरच्या दर्जाचं महाविद्यालय सोडून बऱ्याच खालच्या दर्जाचं घ्यायला तयार होत्या. मुलांच्या निवडीत ही तडजोड फारच कमी होती. म्हणजे छेडछाडीची भीती गुणपत्रिकेत शिरते, तिथून नोकरीत आणि तिथून आयुष्यभराच्या पगारात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी आठवीनंतर काय होतं ते वेगळं सांगायला नको. स्टँडवर टवाळ पोरं उभी राहतात, एक दिवस मुलगी घरी रडत येते, आणि टवाळ पोरांच्या ऐवजी मुलीचीच शाळा बंद होते. पोरांचा स्टँड चालूच.

आणि ज्या भीतीपोटी हे सगळं करायचं तिचा रोखही चुकलेला आहे. बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत शंभरातल्या नव्वदाहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या भीतीने मुलीला घरात ठेवायचं आणि घरात येणाऱ्या ओळखीच्या माणसाबद्दल तिने काही सांगितलं तर तिलाच गप्प करायचं, ही आपली सुरक्षाव्यवस्था.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला पहाटे फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या तरुणीवर स्थानकातच उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाल्याची तक्रार आली. त्यानंतर दोन प्रकारचे प्रश्न विचारले गेले. एक : ती एवढ्या पहाटे एकटी का निघाली? दुसरा : रिकामी बस उघडी कशी, आवारात रात्री कोण वावरतं यावर लक्ष कोणाचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या मुलीने भरायचं असतं, पहाटेची गाडी, म्हणजे ती नोकरी किंवा ती परीक्षा, सोडून. दुसऱ्याचं उत्तर महामंडळाने द्यायचं असतं. घरोघरी, ओट्यापाशी आणि फोनवर, जास्त वेळा पहिला प्रश्न विचारला गेला असेल तर मला नवल वाटणार नाही. मानव विकास मिशनच्या निळ्या बस खेड्यातल्या मुलींना शाळेत नेतात-आणतात. त्या बसला कोणी पोलिसी उपाय म्हणत नाही. पण वेळेवर येणारी आणि वेळेवर परत नेणारी एक एसटी बापाला 'जाऊ दे हिला' म्हणायला जेवढं बळ देते तेवढं दहा भाषणं देत नाहीत.

दुसरं नाव भटक्यांचं, आणि तिथे भरपाई जिवाने होते. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच माणसं आली होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा आधीच गावोगाव पोचलेली होती. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतली होती. मुलांना जपा हे सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने बनवलेली. खुलाशाचा शेवट कापून ती आपल्याकडे 'सावधान, पोरं पळवतात' म्हणून फिरली. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तरी एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारलं, तेही अफवेच्या वातावरणातच. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यात लवंग्याला चार साधूंना पट्ट्याने आणि काठ्यांनी मारहाण झाली, पुन्हा मुलं चोरणारे समजून. ते पंढरपूरकडे निघाले होते.

या जमावांना राक्षस म्हणून मोकळं होता येतं, पण त्याने काही कळत नाही. त्यात आईबाप होते. त्यांच्या पोटात खरीखुरी भीती होती, आणि पोलीस वेळेवर येतील असा भरवसा नव्हता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की समोर जो अनोळखी, मळक्या कपड्यांतला, परक्या बोलीचा दिसेल तो गुन्हेगार ठरतो. तो कोण असणार हे आधीच ठरलेलं असतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या कायद्यातून सुटल्या म्हणून त्या विमुक्त. आजही गावात चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालावर जाते. पालावरच्या बाईला रात्री झोप लागत नाही ती चोराच्या भीतीने नव्हे. चोरी झाली तर आपल्या माणसाला उचलतील या भीतीने. गुन्ह्याच्या भीतीवर बोलताना तिची भीती कोणी मोजतं का?

तिसरं नाव म्हाताऱ्यांचं. इथे मात्र घाबरणारा आणि भरणारा एकच असतो.

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वर्षानुवर्षं एक विषय बिनविरोध मंजूर होतो, तो म्हणजे सुरक्षा. कॅमेरे, फाटकावरचं ॲप, भिंतीवर काटेरी तार. प्रत्येक फ्लॅटला आधी लाकडी दार, त्यावर लॅच, पुढे लोखंडी सेफ्टी डोअर, खिडक्यांना ग्रील. पार्सलवाल्याचा फोटो निघतो, घरकामाच्या मावशींची येण्या-जाण्याची वेळ नोंदली जाते. हे सगळं सांभाळणारा वॉचमन बारा तासांची पाळी प्लास्टिकच्या खुर्चीत काढतो, आणि त्याला पगारवाढ द्यायचा विषय आला की सभेला गणपूर्ती होत नाही. (हे मी एकट्याच्या सोसायटीचं बोलत नाही, वाचकांनी आपापली तपासून पाहावी.) चौथ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, मुलगा परदेशात. त्यांना नावानिशी ओळखणारे शेजारी हळूहळू कमी होत गेले, कारण दार उघडं नसलं की ओळख व्हायची तरी कशी?

आणि चोर? तो आता ग्रील कापत बसत नाही. तो फोन करतो. 'तुमच्या आधार कार्डावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत', 'तुमच्या खात्यातून मनी लाँडरिंग झालंय'. मग व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, आणि हुकूम : कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात. असा कुठलाही प्रकार आपल्या कायद्यात नाही. तरी शिकलेसवरलेले लोक, अधिकारपदावरून निवृत्त झालेले लोक, तासन्‌तास कधी दिवसेंदिवस त्या पडद्यापुढे बसून मुदत ठेवी मोडतात. 'एवढे शिकलेले, फसले कसे?' असं आपण विचारतो. हे चोर भीतीचंच भांडवल करतात, आणि त्यांना लागते ती एकटी माणसं. ज्याच्या दारावर दिवसातून दोनदा शेजारी टकटक करतो, 'काय काका, आज पेपर घेतला नाही?' म्हणतो, त्याला कॅमेऱ्यासमोर डांबून ठेवणं अवघड जातं. भीतीपोटी आपण जे दार बंद केलं त्याच्या आत हा चोर अगदी निवांत काम करतो. १९३० या मदत क्रमांकावर फोन लावायचा असतो, पण तोही 'जरा थांबा' म्हणणारं कोणी शेजारी असेल तर सुचतो.

मग करायचं काय? आमचे राज्यकर्ते दोन गोष्टी करतात. कॅमेऱ्यांची संख्या जाहीर करतात, आणि कोयते नाचवणाऱ्या पोरांची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढतात. धिंडीच्या चित्रफितींना भरपूर दाद मिळते. पण ज्या वस्तीत त्या पोरांनी गाड्या फोडल्या तिथली बाई धिंडीमुळे रात्री निर्धास्त बाहेर पडू लागली, असं मला तरी कोणी सांगितलेलं नाही. आरोप सिद्ध व्हायच्या आधीची ती धिंड कायद्यात कुठे बसते, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही.

अमेरिकेत न्यूअर्क शहरात १९७८-७९ मध्ये एक प्रयोग झाला. काही भागांत पोलीस गाडीतून उतरवून पायी गस्तीला लावले. गुन्ह्यांचे आकडे काही घटले नाहीत. पण त्या भागातल्या लोकांना जास्त सुरक्षित वाटू लागलं आणि पोलिसांबद्दलचं मतही सुधारलं. काहींनी याला फसवं समाधान म्हटलं. मला ते पटत नाही. वर पार्किंगमध्ये गोल फिरणाऱ्या बायकांचं जे सांगितलं, त्यांना साखळी वाचण्याइतकंच रस्त्यावर परत येणंही हवं आहे. आपल्याला न्यूअर्ककडून शिकायचं नसेल तर भिवंडी जवळ आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि हद्दीतला पोलीस एकत्र बसत, भांडणाच्या आणि अफवेच्या पहिल्या कुजबुजीलाच बोलत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. राईनपाड्याला त्या रविवारी असा एक ओळखीचा हवालदार असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

रस्ता सुरक्षित वाटतो तो माणसांमुळे. रात्री साडेदहाला पोलिसांची गाडी येते आणि टपऱ्या, अंडाभुर्जीच्या गाड्या, पानपट्ट्या बंद करायला लावते, कायदा-सुव्यवस्थेच्या नावाखाली. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली आहे. प्रत्यक्षात दंडुका आपटला की शटर खाली. मग दुसऱ्या पाळीवरून सुटलेली नर्स त्याच रस्त्याने चालत जाते, आता तिथे ना दिवा, ना भुर्जीवाला, ना त्याच्याकडे उभी चार गिऱ्हाइकं. ते भुर्जीवाले म्हणजे तिचा बंदोबस्त होता, तो आपणच उठवला.

पोलिसांची बाजू मला माहीत आहे. माणसं कमी, बंदोबस्त जास्त, सणवार, मंत्र्यांचे दौरे. मान्य. पण तक्रार द्यायला आलेल्या माणसाला खुर्ची देणं, 'गहाळ'ऐवजी 'चोरी' लिहून घेणं आणि पंधरा दिवसांनी एक फोन करून तपास कुठवर आला हे सांगणं, याला नवीन भरती लागत नाही. ब्रिटनमध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन लोकांना विचारलं जातं : तुमच्यावर गुन्हा झाला का, पोलिसांकडे गेलात का, रात्री एकट्याने चालताना कसं वाटतं? आपण ठाण्यात नोंदलेले गुन्हे मोजतो आणि तिथेच थांबतो. महापालिकेच्या निवडणुकीत वॉर्डात किती कॅमेरे बसवले हे सांगायला उमेदवार दारात येईल, तेव्हा त्याला आधी सेफ्टी डोअर उघडून आत घ्या आणि विचारा : या वॉर्डात आठनंतर बायका कुठल्या रस्त्याने जात नाहीत, त्याची यादी तुमच्याकडे आहे का? नसेल तर ती करून पुन्हा या म्हणावं.